रे बेटावर सायकलने फिरायचं, तर मोटरहोम लावायचं कुठे?

फ्रान्सच्या एखाद्या बेटावर मोटरहोम घेऊन जायचं आणि तिथे गेल्यावर फक्त सायकलवर फिरायचं, एवढं आमचं हिवाळ्यातच ठरलं होतं. खरा वेळ गेला तो कॅम्पसाइट निवडण्यात. हॉटेल नाही आवडलं तर माणूस दिवसभर बाहेर काढतो आणि फक्त झोपायला येतो. मोटरहोमचं तसं नसतं, ते सात मीटरचं धूड एकदा पिचवर, म्हणजे कॅम्पसाइटवर आपल्याला दिलेल्या जागेवर, नेऊन लावलं, चाकाखाली ठोकळे सरकवून लेव्हल केलं, वीज जोडली, ऑनिंग म्हणजे बाजूचं कापडी छप्पर बाहेर काढलं की ते परत हलवायचं नाव कोणी काढत नाही. म्हणजे जिथे लावाल तिथूनच रोज सकाळी निघायचं आणि दमलेल्या पायांनी तिथेच परत यायचं. त्यामुळे यावर डोकं चालवणं मला तरी फार गरजेचं वाटलं आणि ते कसं कसं करत गेलो ते सविस्तर लिहितेय, कारण मराठीत यावर कोणी लिहिलेलं मला सापडलं नाही.

आम्ही राहतो नेदरलँड्समध्ये, आइंडहोवनला. जाणार होतो पाच जण, मी, नवरा, मोठी अकरा वर्षांची, धाकटा आठचा आणि पुण्याहून आलेले माझे बाबा. बाबांचं वय त्र्याहत्तर. खडकीच्या ॲम्युनिशन फॅक्टरीत नोकरी केली आणि पेठेतून खडकीपर्यंत रोज सायकलने जाऊन येऊन केली, पुणं सायकलींचं शहर होतं तेव्हाची गोष्ट. आता एक गुडघा दुखतो पण सायकल म्हटलं की अजूनही पहिले उठून उभे राहतात. त्यांना घेऊन जायचं हाच या ट्रिपचा मुख्य हेतू होता, आणि पुढे कॅम्पसाइट ठरवताना जवळजवळ प्रत्येक वेळी शेवटचा कौल त्यांच्याकडे बघूनच दिला गेला.

आधी बेट कुठलं ते. नकाशावर चार होती. बेल-इल सुंदर आहे पण बोटीनेच जावं लागतं, मोटरहोम बोटीवर चढवायचं म्हणजे खर्च भरपूर, आणि तिथे चढउतारही बरेच, ते गेलं. नोआरमुतिएला पूल आहे आणि शिवाय भरतीला पाण्याखाली जाणारा तो प्रसिद्ध 'ग्वा'चा रस्ता, चार किलोमीटरहून थोडा जास्त, दिवसातून दोनदा बुडतो. मुलांना तोच हवा होता. ओलेरों यातलं सगळ्यात मोठं, पुलाला टोल नाही, पण अंतरंही त्याच मानाने लांब. आणि इल द रे, ला रोशेलच्या समोर, साधारण तीस किलोमीटर लांब आणि रुंदी जास्तीत जास्त पाच, सगळ्यात उंच जागा समुद्रसपाटीपासून वीसेक मीटर, म्हणजे सपाटच, आणि शंभर किलोमीटरहून जास्त सायकलचे रस्ते. दहा गावं, एकातून निघालं की थोड्या वेळात दुसरं. गुडघा दुखणारा माणूस आणि आठ वर्षांचा मुलगा सोबत असेल तर याच्यापुढे दुसरं बेट नाही. मुलांना सांगितलं की 'ग्वा'चा रस्ता पुढच्या खेपेला, आणि रे नक्की केलं.

तारखांचा प्रश्न नव्हता, डच शाळांची मे महिन्यातली सुट्टी, ती २७ एप्रिलच्या किंग्ज डेच्या आगेमागे असते. तेव्हा रेला जायच्या पुलाचा टोल कमी असतो. १९८८ साली झालेला हा जवळपास तीन किलोमीटरचा पूल आहे, पैसे फक्त बेटावर जाताना घेतात, येताना नाही, आणि उन्हाळ्याच्या मुख्य सीझनला दर चांगलाच वाढतो. त्यातला काही भाग बेटावरच्या निसर्गाच्या देखभालीला जातो, सायकलवाल्यांना मात्र काहीच द्यावं लागत नाही. मे महिन्याची एक अडचण आहे, फ्रान्समध्ये १ मे, ८ मे आणि असेन्शनचा गुरुवार अशा सुट्ट्या एकामागोमाग येतात आणि लोक मधला दिवस रजा टाकून लांब वीकएंड करतात. त्या दिवसांत बेटावरच्या चांगल्या जागा आधीच भरतात. आम्ही जानेवारीतच शोधायला बसलो ते त्यासाठी.

आता आधी गाडीचं सांगते, कारण कॅम्पसाइटच्या निवडीतला मोठा भाग गाडीनेच ठरवून टाकला. भाड्याचं मोटरहोम, पाच जणांना बेल्टच्या पाच सीट हव्यात म्हणून ड्रायव्हरच्या डोक्यावर बेड असलेलं अल्कोव्ह मॉडेल घेतलं. आपल्या साध्या बी लायसन्सवर साडेतीन टनापर्यंतच चालवता येतं, आणि हे साडेतीन टन सगळं धरून असतात, माणसं, कपडे, पाणी, गॅस, तांदूळ, कुकर, सायकली. शंभर लिटर पाणी भरलं की झाले शंभर किलो. मागच्या सायकल कॅरिअरची मर्यादा ६० किलो. आमच्या दोघांच्या हायब्रीड पंधरा पंधरा किलोच्या आणि मुलांच्या दोन मिळून पंचवीसच्या आत, म्हणजे चार सायकली बसल्या आणि तिथेच संपलं. बाबांना ई-बाईक हवी होती, ती एकटीच पंचवीस किलोच्या आसपास. म्हणजे ती बेटावर भाड्याने घ्यायची. म्हणजेच कॅम्पसाइट अशा गावात हवी की जिथे सायकलचं दुकान चालत जाता येईल इतकं जवळ असेल, काही बिघडलं तर बाबांना ती तिथवर ढकलत नेता आली पाहिजे. बघा, वजनाच्या हिशोबातून जागेची पहिली अट निघाली.

दुसरी अट जमिनीची. भाड्याची बहुतेक मोटरहोम फियाट डुकाटोच्या चॅसिसवर असतात आणि त्यांना पुढच्या चाकांची ड्राइव्ह असते, मागे सायकलींचं वजन लटकलेलं, त्यामुळे ओल्या गवतावर किंवा वाळूवर पुढची चाकं जागच्या जागी फिरत बसतात. बेटाच्या दक्षिण किनाऱ्याला वाळूच्या टेकड्या आणि त्याच्यामागे पाइनची झाडी, तिथल्या कॅम्पसाइट फोटोत फार लोभस दिसतात, पण जमीन वाळूचीच असणार, म्हणून प्रत्येकाला हे आधी विचारायचं ठरलं. पाइनखाली आणखीही एक काळजी असते, वसंतात या झाडांवरून एका पाठोपाठ एक रांगेने उतरणाऱ्या केसाळ अळ्या, त्यांच्या केसांनी लहान मुलांना भयंकर खाज सुटते.

तिसरी अट विजेची, ही मराठी घराला जास्त लागू. खूप ठिकाणी ६ ॲम्पिअर देतात. २३० व्होल्टने गुणा, १३८० वॅट. पाण्याची इलेक्ट्रिक किटली २००० वॅटची असते, लावली की फ्यूज गेला. कोणी म्हणेल गॅस आहे ना, आहे, पण बाबांचा पहाटेचा चहा, मुलांचं दूध, दोन वेळचा भात हे सगळं गॅसवर केलं की सिलिंडर बघता बघता संपतो. १० ॲम्पिअर मिळाले की किटली चालते, अर्थात त्या वेळी हीटर बंद ठेवून.

एवढं झाल्यावर मग नकाशा उघडला. इथे आम्ही एक गोष्ट केली जी मला अजूनही सगळ्यात कामाची वाटते. बुकिंगच्या साइटवर तारे आणि स्विमिंग पूल बघत बसलो नाही, बेटाचा सायकलचा नकाशा मोठा प्रिंट करून घेतला, जेवणाच्या टेबलावर पसरला आणि ज्या ज्या गोष्टी बघायच्या त्यावर मुलांना टिकल्या लावायला सांगितलं. टोकाला दीपगृह, मधे मिठागरं, पक्ष्यांचं अभयारण्य, सँ-मार्तँचं बंदर, ला फ्लोतचा बाजार, दक्षिणेचे बीच. मग प्रत्येक कॅम्पसाइटवरून या टिकल्यांपर्यंत सायकलने किती हे बघत गेलो. बाबांची मर्यादा दिवसाला तीसेक किलोमीटर धरली, तीही मधे भरपूर थांबून.

पश्चिम टोकाच्या सँ-क्लेमाँ आणि ले पोर्तच्या जागा या नकाशावर लगेच मागे पडल्या. तिथे शांतता आहे, दीपगृह आणि जंगल जवळ, पण बाकी सगळं लांब, आणि पूर्वेला काही बघायला निघालं तर येताना वारा तोंडावर. या किनाऱ्यावर वारा बहुतेक पश्चिमेकडून येतो आणि दुपारनंतर चढतो. सपाट बेटावर चढ नसतो त्याची सगळी कसर वारा भरून काढतो. म्हणून सकाळी पाय ताजे असताना वाऱ्याच्या विरुद्ध जायचं आणि दुपारी वारा पाठीवर घेऊन यायचं असेल तर राहायची जागा पूर्वेला किंवा मध्यावर पाहिजे. आर्स गावातला ल सोलेय नावाचा कॅम्पसाइट मला आवडला होता, गाव तर फारच देखणं, चर्चचा अर्धा काळा अर्धा पांढरा सुळका जो खलाशांना खूण म्हणून रंगवलाय, पण आर्सला जायचं म्हणजे मार्त्रेची चिंचोळी पट्टी ओलांडायची, जिथे बेट इतकं अरुंद होतं की एकीकडे अटलांटिक आणि दुसरीकडे मिठागरं, मधे बांध आणि रस्ता. २०१० च्या फेब्रुवारीत झिंथिया वादळात याच भागात समुद्र आत शिरला होता, त्यानंतर बांध मजबूत केलेत. भीती वाटली असं नाही, पण प्रत्येक फेरीला तो उघडा वाऱ्याचा पट्टा दोनदा पार करायचा हे बाबांना झेपणार नव्हतं.

ल्वा गावातल्या लेझिलातवर नवऱ्याचं मन बसलं होतं. ल्वा म्हणजे मिठागरांच्या मधलं छोटं गाव, पक्षी बघणाऱ्याला आणखी काय पाहिजे. पण मिठागर म्हणजे साचलेलं पाणी आणि पाणी म्हणजे डास, आणि माझ्या धाकट्याला डास चावला की सुजतं. शिवाय गाव एका बाजूला, येण्याजाण्याचा रस्ता एकच. ते सोडलं, नवऱ्याने दोन दिवस धुसफूस केली.

दक्षिणेला ल ब्वा-प्लाजमध्ये ग्रो-जाँ बीचजवळचा अँतरल्यूद आहे, सँत-मारीला हुतोपिया कंपनीचा कोत सोव्हाज आहे, ला कुआर्दलाही बऱ्याच जागा आहेत. मुलांचं मत अर्थातच इकडे, बीच आणि स्विमिंग पूल. आम्हीही जवळजवळ इथेच थांबणार होतो. पण ई-मेल करायला लागल्यावर एक चित्र समोर आलं. फ्रान्समधल्या पुष्कळ मोठ्या कॅम्पसाइट आता मोबाइल होम्सच्या वसाहती झाल्यात, भाड्याने द्यायची घरं रांगेत उभी आणि तंबू, कॅरव्हान, मोटरहोमवाल्यांना उरलेला कोपरा. एका ठिकाणाने नकाशा पाठवला, त्यात आमच्यासारख्यांच्या पिच एका कडेला, कचऱ्याच्या डब्यांच्या आणि रस्त्याच्या मधे, आणि सात मीटरची गाडी वळणार कशी याचं उत्तर काही मिळेना. पैसे मात्र पूलचे, वॉटरस्लाइडचे, रात्रीच्या कार्यक्रमाचे सगळे धरून. मे महिन्यात पूल गरम केलेला असेल तरच उपयोग, आणि फ्रान्समध्ये पूलात सैल बर्म्युडा चालत नाही, अंगाला घट्ट बसणारी चड्डीच लागते, बाबा त्यात उतरणार नव्हते हे मला चांगलं माहीत होतं. मग ज्या सोयी आमच्यातलं कोणी वापरणार नाही त्यांचे पैसे कशाला भरा.

सँ-मार्तँचा म्युनिसिपल कॅम्पसाइट यादीत खाली होता. स्विमिंग पूल नाही, करमणुकीचे कार्यक्रम नाहीत, फोटो साधे. पण नकाशावर बघितलं तर तो तटबंदीला लागून, बंदर आणि बाजार पायी अंतरावर, सायकलची दुकानं गावात, ला फ्लोत चारेक किलोमीटर पूर्वेला, ला कुआर्द पाचेक पश्चिमेला, दक्षिणेचा बीच द्राक्षांच्या मळ्यांमधून तीनेक, दीपगृह सोळा-सतरा किलोमीटर, म्हणजे तेवढा एकच दिवस लांबचा. बाकी सगळ्या टिकल्या हाताशी. आणि मला सगळ्यात महत्त्वाचं वाटलं ते हे की बाबांना एखाद्या दिवशी सायकल नको वाटली तर ते एकटे उठून, कोणाला न विचारता, चालत गावात जाऊ शकत होते. परक्या देशात, भाषा येत नसताना, म्हाताऱ्या माणसाला आपल्या पायाने पाव आणायला जाता येणं याचं मोल मी स्विमिंग पूलपेक्षा खूप जास्त धरते. पुण्यात त्यांचा दिवस दूध आणायला जाण्याने सुरू होतो, इथे आइंडहोवनला तो आमच्या गाडीच्या वेळेवर अवलंबून राहतो आणि ते त्यांना आतून खुपतं, बोलत नाहीत पण कळतं.

मग त्यांना ई-मेल लिहिला, फ्रेंचमध्ये, ट्रान्सलेटरच्या मदतीने पण वाक्यं छोटी ठेवून. गाडीची लांबी सायकलींसकट सांगितली, हे महत्त्वाचं आहे, कॅरिअर धरून लांबी जवळपास मीटरभर वाढते. विचारलं की जमीन कशी आहे, वीज किती ॲम्पिअर, टॉयलेट ब्लॉकच्या जवळची पिच मिळेल का कारण सोबत वयस्क आहेत, रात्री गेट किती वाजता बंद होतं, आणि पाच माणसं एका पिचवर चालतात ना. उत्तर मुद्देसूद आलं आणि त्यातून खात्री पटली. पैशांत पिच, माणशी दर, वीज आणि मोठ्यांसाठी रोजचा पर्यटन कर हे वेगवेगळं धरतात, तेव्हा एकूण किती ते लेखी विचारून घ्यावं. ऑफ-सीझनला सवलतीचं कार्ड चालतं का तेही बघावं, डच लोकांकडे एसीएसआयचं कार्ड असतंच, पण ते सगळीकडे घेत नाहीत आणि पाच जणांच्या कुटुंबाला त्यात फार फायदा होत नाही.

कोणी विचारेल की एवढा खटाटोप कशाला, मोटरहोम आहे तर समुद्राकाठी कुठेही लावून झोपा. रे बेटावर ते चालत नाही, रात्री मोटरहोम ठरवून दिलेल्या जागीच ठेवावं लागतं. काही गावांत त्यासाठी खास पार्किंगच्या जागा आहेत, सँ-मार्तँलाही आहे, जिथे पाणी भरता येतं, सांडपाणी सोडता येतं, टॉयलेटची कॅसेट म्हणजे मैल्याची टाकी रिकामी करता येते. दोघंच असाल आणि एखादी रात्र काढायची असेल तर त्या बऱ्या. पण तिथे खुर्च्या मांडून ऑनिंग काढून संसार थाटायची सोय नसते, गाड्या चिकटून उभ्या असतात, मुलांना खेळायला जागा नाही. पाच जणांना कॅम्पसाइटच हवा.

प्रवासाचं थोडक्यात. पॅरिस टाळून अँटवर्प, लिल, रुआँ, ल माँ, तूर, निओर असं खाली गेलो. टोल रस्त्यावर दोन ते तीन मीटर उंचीच्या गाडीला क्लास दोनचा दर पडतो, कारपेक्षा जास्त, ते बजेटमध्ये धरा. वाटेत एक रात्र फ्रान्स पॅशन योजनेतल्या शेतावर काढली, वर्षाचं सभासदत्व घेतलं की शेतकरी, द्राक्षवाले, चीजवाले आपल्या आवारात चोवीस तास मोटरहोम फुकट लावू देतात. बाबा आणि तो शेतकरी एकमेकांची भाषा न येता गोठ्यात अर्धा तास काय बोलत होते देव जाणे, पण दोघंही खूश होते.

कॅम्पसाइटवर पोचल्यावर नवऱ्याने आधी पायी फिरून पिच बघितली, मग गाडी आत घेतली. जमीन घट्ट होती, वीज पुरेशी, टॉयलेट ब्लॉक बाबांना रात्री बॅटरी घेऊन जायला सोपा. स्वतःचा टॉयलेट पेपर जवळ ठेवा, फ्रेंच कॅम्पसाइटवर तो असेलच याची हमी नाही आणि सीटचीही नाही. त्याच संध्याकाळी बाबा आणि मी चालत जाऊन ई-बाईक बघून आलो. खाली वाकलेल्या दांड्याची घेतली म्हणजे पाय उंच उचलावा लागत नाही. २५ च्या स्पीडनंतर मोटर आपोआप मदत थांबवते, बाबा त्याच्या जवळपासही जाणार नव्हते, पण सुरुवातीला पेडलवर पाय ठेवताच गाडी पुढे ओढते त्याची सवय मात्र मोकळ्या जागेत करून घ्यावी लागली.

दुसऱ्या दिवशी सकाळी उठले तर बाबा जागेवर नाहीत. तटाच्या कडेने चालत बंदरापर्यंत गेले होते, बगेत नावाचे दोन लांब पाव काखेत धरून परत आले. मग रोजच ते झालं. त्या तटाबद्दल सांगायला हवं, सतराव्या शतकात वोबाँ या लष्करी इंजिनिअरने बांधलेली चांदणीच्या आकाराची तटबंदी आहे, २००८ पासून जागतिक वारशाच्या यादीत. आत किल्ल्याच्या भागात आजही तुरुंग चालू आहे. १९३८ पर्यंत इथूनच कैद्यांना जहाजात भरून फ्रेंच गयानाला, समुद्रापार सक्तमजुरीला पाठवायचे, हेरगिरीच्या खोट्या आरोपात अडकवलेला फ्रेंच लष्करी अधिकारी ड्रायफस यालाही १८९५ मध्ये पाठवण्याआधी इथेच ठेवलं होतं. हे मी वाचून दाखवल्यावर बाबा म्हणाले, "म्हणजे यांचं अंदमान." मग त्यांनी नातवंडांना सेल्युलर जेलची सगळी हकिकत तिथेच, त्या भिंतीच्या सावलीत बसून सांगितली. मुलं इतकं मन लावून पहिल्यांदाच ऐकत होती.

मिठागरांचा दिवस सगळ्यात चांगला गेला. सायकलचा रस्ता मिठागरांच्या बांधांवरून वळणं घेत जातो, दोन्ही बाजूंना पाणी, वाहनं नाहीत, समोरून सायकल आली की एका रांगेत व्हायचं एवढाच नियम. मीठ काढायचं काम उन्हाळ्यात, आम्ही गेलो तेव्हा लोक वाफे साफ करत होते, गाळ ओढत होते. भरतीचं पाणी आधी मोठ्या तळ्यात घेतात, तिथून एकाहून एक उथळ वाफ्यांत फिरवतात, ऊन आणि वारा त्याचं पाणी उडवत नेतात. बाबांनी मुंबईला येता-जाता गाडीतून भांडुप-कांजूरची मिठागरं कित्येकदा पाहिलेली, त्यांनी सायकल लावली आणि फाटकं कशी उघडतात ते बघत उभे राहिले. पलीकडे लिलो दे निजचं अभयारण्य, मेमध्ये तिथे वर वळलेल्या चोचीचे काळे-पांढरे उचाट पक्षी घरटी करतात. नवऱ्याला ल्वाला न राहताही त्याचे पक्षी मिळाले आणि डासांचा त्रास रात्री झाला नाही.

दीपगृहाच्या दिवशी हवामान बघून वारा कमी असलेला दिवस निवडला आणि सकाळी लवकर निघालो. २५७ पायऱ्या आहेत, उंची ५७ मीटर, मुलं आणि मी चढलो, बाबा खाली सावलीत बसले. वरून सगळं बेट दिसतं आणि ओहोटी असेल तर किनाऱ्यालगत दगडांचे अर्धगोल बांध दिसतात, भरतीबरोबर आत आलेले मासे ओहोटीला अडकावेत म्हणून जुन्या लोकांनी रचलेले. परतताना वारा पाठीवर होता, जसा नकाशावर धरला होता तसाच, आणि बाबांच्या बॅटरीत शेवटी बरंच चार्ज शिल्लक राहिलं. तरी चार्जर सोबत ठेवा, कॅफेत विनंती केली की लावू देतात.

खाण्याचं म्हणाल तर बाबा शाकाहारी, आणि इथे दुकानातून शिंपले, ऑयस्टर, मासे यांचाच भरणा. पण रे बेटाचे बटाटे म्हणजे काय सांगू, फ्रान्समध्ये त्यांना खास संरक्षित नाव मिळालंय, नवे बटाटे मेमध्येच यायला लागतात, साल इतकी पातळ की नखाने निघते, आणि चवीला किंचित गोडसर. जिरं, हिरवी मिरची, कोथिंबीर आणि तिथलंच मीठ घालून नुसती परतलेली भाजी केली, सोबत बाबांनी आणलेला पाव. १ मेला मात्र फ्रान्स जवळजवळ बंद असतं, भाजी आणि दूध ३० एप्रिललाच भरून ठेवलं. रस्त्यावर लोक मुगेची छोटी पांढरी फुलं विकत होते, त्या दिवशी ती एकमेकांना द्यायची पद्धत आहे. बाबांनी महाराष्ट्र दिनाची म्हणून एक जुडी घेतली आणि गाडीच्या टेबलावर पेल्यात ठेवली.

या जागेचं काय कमी पडलं तेही सांगते. मुलांना समुद्रात खेळायचं असलं की प्रत्येक वेळी तीन किलोमीटर जायचं, टॉवेल, पाणी, खाऊ सगळं लादून, आणि संध्याकाळी वाळूने भरलेले पाय घेऊन यायचं. सँ-मार्तँच्या बाजूला तसा वाळूचा मोठा बीच नाही, उत्तरेचा किनारा बंदरांचा आणि चिखलाचा. पाणी मेमध्ये गारच असतं म्हणून आमचं भागलं. तीच ट्रिप जुलैत असती आणि बाबा सोबत नसते तर मी ल ब्वा-प्लाज किंवा ला कुआर्दला गेले असते, तिथून सायकलीचे रस्ते तितकेच चांगले आहेत आणि बीच दारात. फक्त दोघं असाल, पक्षी आणि शांतता हवी असेल आणि वाऱ्याचं काही वाटत नसेल तर ल्वा किंवा आर्स बघा. गावात, बंदराजवळ गर्दीही असते, रविवारी दुपारी तर सायकल हातात धरून चालावं लागतं.

सायकलींना कुलूप दोन ठेवा, कॅम्पसाइटवरही. सायकल उजवीकडून चालवायची हे आपल्या मुलांना इथे वाढल्यामुळे माहीत असतं, पण भारतातून आलेल्या पाहुण्यांना पहिल्या दिवशी मधे ठेवून चालवा, एक पुढे एक मागे, वळणावर सवयीने डावीकडे जायला होतं. पाहुण्यांचा शेंगेन व्हिसा नेदरलँड्सने दिलेला असला तरी फ्रान्सला चालतो, पण पासपोर्ट आणि इन्शुरन्सचे कागद गाडीतच ठेवा, कॅम्पसाइटवर नोंदणी करताना परदेशी पाहुण्यांचा फॉर्म भरून घेतात. निघायच्या सकाळी पाण्याच्या टाक्या आणि कॅसेट रिकामी करूनच निघा, परतीच्या वजनात तेवढेच किलो वाचतात. आम्ही ते वाचलेले किलो बटाट्यांनी भरले.